टेंबलाईची खालची पायरी

पाळी जाऊन पाच वर्षं झाल्यावर एका सकाळी परत डाग दिसला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला तो देव्हारा. डॉक्टर नाही, देव्हारा. आता शिवायचं नाही, एवढंच सुचलं. माझं वय तेव्हा सत्तावन्न. बी.ए. झालेली आहे, रोज पेपर वाचते, गल्लीतल्या बायकांना वेळीअवेळी शहाणपण शिकवते, आणि अक्कल बघा माझी! आंघोळ करून आले, वाती घ्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. आमचे हे बाहेर पेपर वाचत बसले होते. त्यांना हाक मारून म्हटलं, "आजपासून पूजा तुम्ही करा. माझे गुडघे भरून आलेत, खाली बसवत नाही." बत्तीस वर्षांच्या संसारात यांच्याशी एवढं सरळ तोंडानं खोटं मी पहिल्यांदाच बोलले असेन.

पाळी गेली तेव्हा बाकीच्या बायका अंगाची आग होते म्हणून रडायच्या. आग मलाही व्हायची, पण आतून मी सुटले होते. लग्न झाल्यापासून प्रत्येक सणाला, प्रत्येक कार्याला आधी तारीख मोजायची. श्रावणातला शुक्रवार अडचणीत गेला की जीव तळमळायचा. ते सगळं संपलं आणि मी दर शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला जायला लागले, कुणाला विचारायला नको, बोटं मोजायला नको. पाच वर्षांत एक शुक्रवार चुकला नव्हता. आणि आता देव्हाऱ्यासमोर हे उभे. फुलं देठं वर करून वाहायचे, हळदीच्या करंड्यात कुंकवाची बोटं बुडवायचे. एकदा तर बाळकृष्ण ताम्हणातच राहिला दुपारपर्यंत. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी राहायची आणि दातओठ खायची.

मी पक्की काळजीखोर बाई. पुढचं पुढचं बघून ठेवायची सवय. आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर सगळ्या घराचं आरोग्य टांगलेलं असतं. यांचं बी.पी. कधी तपासायचं, मुलाच्या चष्म्याचा नंबर, सुनेच्या रक्ताच्या तपासण्या, वर्षाची चटणी करायला मिरच्या कधी वाळत घालायच्या, सगळं माझ्या अक्षरात. तो डाग दिसला त्या तारखेच्या कोपऱ्यात मी पेनानं एक टिंब दिलं. बारीक, मोहरीएवढं. अक्षरात काही लिहायचा धीर झाला नाही. दीड महिन्यानं दुसरं टिंब पडलं.

खरं सांगायचं तर मला काही माहीत नव्हतं असं नाही. माझी आई साठीला आली होती तेव्हा तिलाही असंच सुरू झालं होतं. माहेरी तिला मागच्या खोलीत बसवलं, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. आत्या, मावश्या चेष्टा करायच्या, म्हातारी परत तरणी झाली म्हणून. आईही लाजून हसायची. ती दर महिन्याला बाहेर बसत राहिली, मग मधले दिवसही बाहेरच जायला लागले, आणि वर्ष सरायच्या आत ती गेली. कशानं गेली ते कुणी नीट बोललं नाही. "पोटाचं दुखणं होतं," एवढंच. मी तेव्हा माझ्या लेकराच्या मागं, मीही विचारलं नाही. आता टिंब देताना मला तिचं ते लाजरं हसणं आठवायचं. मग मी मोठ्यानं भांडी घासायची. आवाजात विचार बुडतो थोडा वेळ.

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. त्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये पन्नाशीपुढच्या बायकांसाठी तपासणीचं शिबिर होतं. टेबलाशी बसून अर्ज भरून घ्यायला मीच. "लाजू नका बायांनो, काय असेल ते स्पष्ट सांगा, दुखणं अंगावर काढू नका," असं माझं चाललेलं. एकीला तर मी रागावले, छातीत गाठ लागतेय हे तिनं दोन महिने लपवलं म्हणून. शेवटी माझाही अर्ज भरायचा राहिला होता. त्यात प्रश्न होता, पाळी बंद झाल्यानंतर रक्तस्राव झाला आहे का. मी लिहिलं, नाही. हात कापला नाही माझा. उलट इतकं स्वच्छ अक्षर आलं, की बघत राहावं. मग दुसऱ्याच बाईचा अर्ज पुढं ओढला.

तिसरं टिंब आषाढात पडलं, आणि नेमका तोच घोळ झाला. आमच्या कोल्हापुरात आषाढातल्या मंगळवार-शुक्रवारी गल्लीगल्लीतून पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर वाहतात. यंदा आमच्या गल्लीच्या कलशाचा मान माझा, असं सुशीलाकाकूंनी परस्पर ठरवून टाकलं. या काकू म्हणजे आमच्या गल्लीचं हायकोर्ट. मी गुडघ्याचं कारण सांगितलं तर त्यांनी कंबरेवर हात ठेवले. "तुला मान का दिला, ठाऊक हाय का? बाकीच्या पोरींच्या तारखांचा घोळ असतोय. तुझी अडचण जाऊन पाच वर्षं झाली की! आता कसली नाटकं करतीस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. शेवटी कलश पलीकडच्या घरातल्या सुनेच्या डोक्यावर गेला आणि काकू माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

शुक्रवारी मी रिकाम्या हातानं मिरवणुकीच्या मागं चालले. पुढं पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजत होतं, पोरी हिरव्या साड्या नेसून नटल्या होत्या, घामानं आणि गुलालानं सगळे लाल. माझी सून घरी थांबली होती, हे काकूंच्या यजमानांबरोबर पुढं गेले होते. मी मुद्दाम मागं मागं राहिले. टेकडीचा चढ संपला आणि पायऱ्या आल्या तशी बाजूला झाले. सगळ्या बायका "उदं गं आई उदं" म्हणत वर चढल्या. मी खालच्या पायरीपासून पाच-सहा हात लांब एका दगडावर बसले. पदराआड लपवलेलं ते दुखणं आणि वरून पायऱ्यांवरून खळखळत येणारं पाणी. ते पाणी माझ्या पायाला लागू नये म्हणून मी पाय वर घेतले. देवीचं पाणी आपल्याला लागून बाटेल, अशी भीती! त्या क्षणी मला माझीच इतकी कीव आली, की डोळे भरून आले. आजवर मी देवीआईकडं नेमकं मागत आले. यांना बरं वाटू दे, मुलाची बदली होऊ दे, असं. त्या दिवशी काय मागावं तेच सुचेना. मनात एवढंच आलं, आई, मला काही कळेनासं झालंय, आता तूच बघ.

तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत आली आणि माझ्या शेजारच्या दगडावर बसली. सत्तरीची असेल. नेसूचं इरकली लुगडं, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, तोंडात पान आणि हातात पाण्यानं भरलेली तांब्याची छोटी कळशी. माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "का गं अक्का, खालीच बसलीस?"

मी म्हटलं, "गुडघा दुखतोय."

"खोटं नगं बोलू. चढावर माझ्याम्होरं तरातरा चालत हुतीस की. गुडघ्याला काय धाड भरलेली न्हाय तुझ्या."

मला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर चार महिने दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. नवऱ्याला, सुनेला, सख्ख्या मैत्रिणीला जे सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, की मला अडचण आहे, वर जाता येत नाही. ती लुगडं सावरून लांब सरकेल असं मला वाटलं होतं. ती उलट जवळ सरकली. माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून तिनं वय विचारलं, पाळी कधी गेली ते विचारलं. मी पाच वर्षं म्हणताच तिनं पानाची पिंक बाजूला टाकली आणि माझं मनगट पकडलं.

"ही अडचण न्हवं बाई. गेलेली पाळी परत येत न्हाय. दुखणं येतंय. डॉक्टरला दावलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"माझी धाकटी भन अशीच बसली गप. इटाळ हाय म्हणून कोपऱ्यात बसली, सासू म्हणंल तसं केली. दावायला न्हेली तवा लई उशीर झालता." मग गळ्यातली डबी मुठीत धरून म्हणाली, "आमी शिरोळकडचे लिंगायत. लेकीकडं आलोय हितं. आमच्या घरात ह्यो इटाळ कुणी मानत न्हाय. देव गळ्यात हाय, त्याला काय चार दिस काढून खुंटीला अडकवायचा? माझ्या भनीला दिली परक्या घरात, तितं शिकली ती हे लपवायला."

आणि तिनं तिची कळशी माझ्या हातात दिली. "घाल पाणी."

मी घाबरले. खरंच घाबरले. इतक्या वर्षांचं अंगात मुरलेलं असं एका शब्दानं निघत नाही. मी म्हटलं, "मावशी, नको. पाप लागेल."

"आईला लेकीचं रगत नवं हाय व्हय?" ती म्हणाली. बस्स, एवढंच. आवाजात दया नव्हती की उपदेश नव्हता. भाजीवाल्याला दर विचारावा तसं विचारलं.

मी उठले. खालच्या पायरीवर ते पाणी घातलं. अर्धं पाणी माझ्याच पावलांवर सांडलं. तिनं मला पायरीवर हात ठेवायला लावला आणि म्हणाली, "आता कबूल कर. उद्या दावतो म्हण." मी म्हटलं, "उद्या दाखवते." "तोंड उघडून म्हण, आईला ऐकू जाऊ दे." मी मोठ्यानं म्हटलं. दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. मी तिथंच कपाळ टेकलं आणि रडले, आणि डोळे पुसून वळले तेव्हा वरून आमच्या गल्लीचा लोंढा खाली आला. गर्दीत ती कुठं गेली, कळलं नाही. तिची कळशीसुद्धा ती घेऊन गेली होती. मी नावही विचारलं नाही.

ती देवीच होती असं मी कुणाला सांगत नाही. बाईच होती ती, चांगली पान खाणारी, पायातल्या चपलेचा अंगठा दोऱ्यानं बांधलेला. पण आषाढातल्या त्या हजारो माणसांत नेमकी माझ्या शेजारच्या दगडावर ती येऊन बसली, आणि मी "तूच बघ" म्हटल्यावर पाच मिनिटांच्या आत बसली, एवढं मला माहीत आहे. त्याच्यापलीकडं मला समजून घ्यायची गरज वाटत नाही.

संध्याकाळी मी सुनेला सांगितलं. वैशाली तिचं नाव. ती चहा गाळत होती, गाळणी हातातच राहिली. मला वाटलं जवळ घेईल. ती चिडली. "आई, मी या घरात आल्यापासून दर महिन्याला तुम्हाला येऊन सांगते, आज मी देवाचं करणार नाही म्हणून. मला लाज वाटत नव्हती का? तरी सांगत आले. आणि तुम्ही चार महिने तोंड शिवून बसलात?" नियम माझाच होता. सासूनं मला शिकवला तसा मी तिला शिकवला होता, जरा गोड बोलून, एवढाच फरक. मग तिनं जवळ घेतलं, आणि दोघींचा चहा गार झाला.

यांना कॅलेंडरावरची तीन टिंबं दाखवली. हे बिचारे चष्मा लावून बघत राहिले. "ही टिंबं मी बघितली होती. मला वाटलं गॅसचं सिलिंडर बदललेलं दिसतंय." मग चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी विचारलं, कधीकधी झालं, आणि मी तिन्ही तारखा धडाधड सांगितल्या. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड दिसलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस. ते आठ दिवस कुणा वैऱ्याला येऊ नयेत. भाजी चिरताना, रस्ता ओलांडताना, सारखी आई दिसायची, मागच्या खोलीतली, वेगळ्या ताटाची. मी स्वतःला गुंतवून घेतलं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, यांना कुकर लावायला शिकवलं. वैशालीला समोर बसवून वर्षाच्या चटणीचं माप सांगितलं, किती मिरचीला किती लसूण, किती तीळ, किती खोबरं. ती लिहून घेता घेता म्हणाली, "आई, हे मी पुढच्या उन्हाळ्यात तुम्हालाच विचारून घेईन, आता नको." आणि वही मिटली. मी तिच्यावर ओरडले, तीही माझ्यावर ओरडली. भीतीला घरात दुसरी वाट नव्हती.

त्या दिवसांत एकच गोष्ट वेगळी होती. मी रोज संध्याकाळी देव्हाऱ्यापाशी जाऊन बसायची. काही मागत नव्हते. बरं कर, असंही म्हणवत नव्हतं. पूर्वी मी देवीपुढं बसायची ती स्वच्छ होऊन, शुद्ध होऊन, तिला आवडेल अशी होऊन. आता होते तशी बसत होते, डाग, भीती, खोटेपणा सगळ्यासकट. आणि त्या बसण्यात छातीवरचा दगड घटकाभर तरी बाजूला व्हायचा.

रिपोर्ट आला. पेशी बदलायला सुरुवात झाली होती. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, कॅन्सरच आहे, पण अगदी सुरुवातीला हातात सापडलाय. यांनी माझा हात टेबलाखाली धरला, लग्नात धरला होता त्यापेक्षा घट्ट. पिशवी काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या सकाळी मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ओठांवर नेहमीचा एकही श्लोक येईना. पायांवर सांडलेलं ते थंड पाणी तेवढं आठवत होतं, आणि ते पुरलं. नंतरच्या तपासणीत कळलं, की आजार पिशवीच्या आतच होता, बाहेर कुठं गेला नव्हता. पुढं औषधं नाहीत, फक्त ठरल्या वेळी दाखवत राहायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणखी वर्षभर काढलं असतं तर मी असं हसत बोलले नसते." मी घरी येऊन पहिल्यांदा आईच्या फोटोपुढं उभी राहिले. तिला कुणी कळशी दिली नव्हती. त्या दिवशी मी तिच्यासाठी रडले, तिच्या जाण्यानंतर बहुधा पहिल्यांदा इतकं.

बरी झाल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये जाऊन मी सगळ्या बायकांसमोर सांगितलं, की त्या अर्जावर मी खोटं लिहिलं होतं. सुशीलाकाकूंनी भर सभेत मला शिव्या घातल्या, मग घरी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. माझ्याकडून चूक झाली ती श्रद्धेमुळं झाली असं मला वाटत नाही. श्रद्धा कमीच पडली. आपल्या अंगाचं काही देवीआईपासून लपवावं लागतं असं ज्याला वाटतं, त्यानं स्वतःला तिच्या हवाली केलेलंच नसतं. मी पाच वर्षं एकही शुक्रवार न चुकवता जात होते, पण पदर सांभाळून. त्या खालच्या पायरीवर तो सुटला.

टेंबलाईला मी नंतर कितीदा गेले. इरकली लुगडं दिसलं की अजून मान वळते. ती भेटली नाही. भेटली तर नुसतं पाया पडेन, बोलायला जमेल असं वाटत नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून वाती वळत होते. वैशाली आली, कॅलेंडरापाशी गेली आणि पेन काढून त्या दिवसाच्या कोपऱ्यात एक बारीक टिंब दिलं. मग सवयीनं देवघराच्या बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडं उभी राहिली. "आई, आज दिवा तुम्ही लावता?"

मी म्हटलं, "टिंब नको. नीट अक्षरात लिही."

ती परत कॅलेंडरापाशी गेली आणि टिंबाशेजारी लिहिलं, वैशाली, पाळी. त्याच पानावर वरच्या ओळीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, माझी तपासणी, सकाळी अकरा. मी वळलेल्या वाती तिच्या हातात दिल्या. तिनं उंबरा ओलांडला आणि समई लावली, आणि मी तिच्या मागं हात जोडून उभी राहिले.